लॅपटॉप मिटल्यावर काय करता? (प्रोग्रामर मंडळींचे नाद)

अर्धविराम:
प्रोग्रामर माणसाला कामाबाहेरचा एक तरी नाद हवा, आणि तो बायोडेटात लिहून काडीचाही उपयोग होणार नाही असाच हवा, असं माझं ठाम मत आहे. हल्ली आमच्या टीममध्ये जेवतानाच्या गप्पाही नवं फ्रेमवर्क, सर्टिफिकेशन आणि साइड प्रोजेक्ट यांच्यापलीकडे जात नाहीत. गिटार वाजवणारा मुलगासुद्धा गिटार शिकवणारं अॅप काढायच्या विचारात असतो. मला याचं वाईट वाटतं.

मी मोडी लिपी शिकतोय, जुने मराठी कागद जिच्यात आहेत ती. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही. हात उचलावा लागू नये म्हणून अक्षरं एकमेकांत वळवलेली. त्यात लिहिणारा कारकून घाईत असेल तर एका ओळीला अर्धा अर्धा तास जातो. सगळं लागल्यावर कळतं की कुणीतरी सारा माफ करा म्हणून विनवणी केली आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची अडचण आपल्याला समजते, आणि तिचा आपल्या कामाशी, पगाराशी काहीही संबंध नसतो. मला हे फार आवडतं.

तर सांगा, तुम्ही काय करता? आणि तिथे कामातलंच डोकं चालतं, की ते पूर्ण बंद होतं?

नलपॉइंटर:
रेघ आधी आणि अक्षरं नंतर? म्हणजे आधी इंटरफेस, मग इम्प्लिमेंटेशन. कारकून मंडळी आपल्या फार पुढे होती!

सह्यकडा:
माझं डोकं पूर्ण बंद होतं, आणि त्यासाठीच जातो. गडावर. नुसता ट्रेक नाही, आमचा गट पाण्याची टाकी साफ करतो. टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. वर्षानुवर्षं त्यात माती, पालापाचोळा, दगड आणि हल्ली प्लास्टिकच्या बाटल्या साठतात. एकजण खाली उतरून गाळ भरतो, वर साखळी करून घमेली हातोहात पुढे जातात. दुपारपर्यंत बोलायचंही त्राण उरत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच टाक्यात स्वच्छ पाणी पाहिलं की त्यासारखं दुसरं सुख नाही.

एक कळकळीची विनंती. उत्साहाच्या भरात कुणीही परस्पर कुदळ-फावडं घेऊन जाऊ नका. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. गाळात खापरं, नाणी, कोरीव दगड निघतात. कुठली वस्तू कुठल्या थरात होती ही माहिती एकदा गेली की गेली. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, साल्हेरपासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. तेव्हापासून गर्दी वाढली आहे. हात लावण्याआधी विचारायची सवयही वाढायला हवी.

तीनताल_१६:
माझं नेमकं उलटं. मी तबला शिकतो आणि तिथे कामातलंच डोकं चालतं, उलट जास्त मोकळं चालतं.

तिहाईचं उदाहरण देतो. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा धा बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. तीनताल सोळा मात्रांचा. त्यात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं, तर तुकड्याच्या मात्रा तीनदा आणि मधले दम, म्हणजे थांबे, दोनदा धरून बेरीज १७ यावी लागते. सोळा नाही, कारण शेवटचा धा पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. तुकडा ५ चा, दम १ चा: १५ आणि २. तुकडा ३ चा, दम ४ चा: ९ आणि ८. बेदम वाजवायची, म्हणजे मध्ये थांबायचंच नाही, तर १७ ला तीनने भाग जात नाही. पण दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, मोजा: तिथे ३३ होतात, म्हणजे ११ चा तुकडा तीनदा. रूपकात सातच मात्रा, बेरीज हवी ८, तुकडा २ चा आणि दम १ चा. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रभर कागदावर आकडे मांडत बसलो होतो.

गुरुजींना तो कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, "बरोबर आहे" म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "आता वाजव." तिथून पुढे सगळा रियाज.

नलपॉइंटर:
फेन्सपोस्ट एररवर (मोजताना एकाने चुकण्यावर) संगीतात केव्हापासून उपाय आहे बघा. सोळा की सतरा, या प्रश्नावर आमच्याकडे अजून मीटिंगा होतात.

मिनीमेकर:
अर्धविराम, तुमच्या पहिल्याच वाक्याशी असहमत. माझा नाद कोडिंगच आहे. दिवसा बँकेच्या सिस्टीमसाठी जावा लिहितो, रात्री स्वतःसाठी लहानसा कंपाइलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) लिहितो. दोन्हींत कीबोर्ड सोडून काहीही सारखं नाही. दिवसा तिकीट, अंदाज, रिव्ह्यू. रात्री मला वाटेल ते, वाटेल तितकं हळू. चित्रकाराने ऑफिसात जाहिराती करून घरी स्वतःची चित्रं काढली तर त्याला कुणी "वेगळा नाद शोध" म्हणत नाही.

लायनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला लिनक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्यानेही हा निव्वळ छंद असल्याचंच म्हटलं होतं. नाद कोडचा असला म्हणून कमअस्सल ठरत नाही.

अर्धविराम:
मिनीमेकर, स्वतःसाठी कंपाइलर लिहिणाऱ्याशी माझं भांडणच नाही. तो बायोडेटात टाकायचा नसेल तर माझ्या व्याख्येत चपखल बसतो. माझा आक्षेप आहे तो "नोकरी बदलताना गिटहबवर रोज कोड टाकल्याची हिरवी खूण दिसावी" म्हणून रात्री बारापर्यंत जागण्याला. आणि टोरवाल्ड्सचं पुढचंही सांगा की. तो स्कूबा डायव्हिंग करतो. मनासारखं डाइव्ह लॉग ठेवणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळेना, तर २०११ मध्ये सबसर्फेस नावाचं स्वतःच लिहायला घेतलं.

मिनीमेकर:
म्हणजे पाण्याखाली जाऊनही शेवटी कोडच लिहिला! मुद्दा माझ्याच बाजूने गेला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ बघा. घरी पाइप ऑर्गन बसवलाय आणि स्वतः वाजवतात. आणि आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाईतली जुळणी मनासारखी दिसेना, म्हणून १९७०च्या दशकाच्या शेवटी सगळं बाजूला ठेवून टेक (TeX) हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहिलं. अक्षरं सुंदर दिसावीत एवढ्यासाठी वर्षं घातली. त्यातलं काम कुठलं आणि नाद कुठला, कोण सांगणार?

दुधावरची_साय:
सगळं वाचलं, छान वाटलं. एक विचारू? इथे आतापर्यंत लिहिलेल्यांच्या घरी शनिवार-रविवारी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट कोण बघतं?

टोमणा म्हणून नाही, खरंच विचारतेय. मी टेस्ट ऑटोमेशनमध्ये आहे, दोन मुलं आहेत. पहाटे निघून गडावर जाणं मला या घडीला शक्य नाही. आमच्या टीममधल्या बहुतेक बायकांना विचारलं की "आधी पेंटिंग करायचे, आधी भरतनाट्यम करायचे" असंच ऐकू येतं. हे "आधी" मला फार खुपतं.

म्हणून मी जागचा हलावं लागणार नाही असा नाद शोधला. पक्षी. सकाळी गॅलरीत पंधरा मिनिटं. दिसले ते आणि ऐकू आले ते ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदवायचे. समोर उंबर आहे, त्यावर तांबट येतो. एका सुरात टुक-टुक-टुक चालू असतं आणि तो मात्र पानांत दिसत नाही. जांभळा शिंजीर तारेवर, खाली कचरापेटीजवळ सातभाईंची भांडणं. पावसाळा सरला की धोबी येतात, शेपटी वरखाली करत गच्चीवर चालतात. ते हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेले असतात. कपडे वाळत घालताना मला असा पाहुणा भेटतो, तर मी कशाला लांब जाऊ?

आणि हे वाया जात नाही. अशा रोजच्या साध्या याद्यांवरूनच कुठला पक्षी वाढतोय, कुठला घटतोय याचा अभ्यास होतो. "मला फक्त कावळे आणि कबुतरंच दिसली" ही यादीसुद्धा लागते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी मोजणी असते, त्यात कुणालाही भाग घेता येतो. त्या चार दिवसांत माझी धाकटी माझ्या आधी उठते.

सह्यकडा:
साय, प्रश्न रास्त आहे. आमच्या गटात आता दर महिन्याची एक मोहीम घरच्यांसकट असते, सोप्या गडावर. मुलं लहान घमेली उचलतात. आणि एका रविवारी मी गेलो तर दुसऱ्या रविवारी घर माझ्याकडे, बायको तिच्या पोहण्याच्या बॅचला. हे ठरवून करावं लागतं, आपोआप होत नाही.

तीनताल_१६:
+१. आमच्या क्लासात चाळिशीनंतर परत सुरू करणाऱ्या तीन-चार बायका आहेत. त्यातली एक डेटाबेस अॅडमिन आहे. तिची लय आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की आहे, दहा वर्षं खंड पडूनही.

दोनशेकिमी:
अर्धविराम, माझं भांडण वेगळ्या मुद्द्यावर आहे. नाद मोजायचा नसतो, असा तुमचा एकूण सूर दिसतो. मी सायकलवर ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. जेवण, पंक्चर, झोप, सगळं त्यातच. मदतीला मागे गाडी चालत नाही. ठरलेल्या ठिकाणी पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. पण पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलेले सगळे सारखे, नऊ तासांत आलेला आणि साडेतेराला पाच मिनिटं कमी असताना आलेला.

मला हे मोजमाप अतिशय प्रिय आहे, कारण ते स्वच्छ आहे. ऑफिसातलं वर्षअखेरचं रेटिंग कशावरून ठरतं ते देवाला ठाऊक. इथे खंबाटकी घाट चढलात तर चढलात. चारही अंतरं एका वर्षात केली की सुपर रँडोनर हा किताब. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस चार वर्षांतून एकदा असते, १२०० किलोमीटर, नव्वद तास. २०२३ ला झाली, आता २०२७. तेच माझं स्वप्न आहे आणि ते मी उघडपणे सांगतो.

अर्धविराम:
पटलं. मोजण्यावर माझा आक्षेप नाही, मोजून दुसऱ्याला दाखवण्यावर आहे. "वेळेत आलेले सगळे सारखे" हे फारच सुंदर आहे. २०२७ साठी मनापासून शुभेच्छा.

पॅसिफिककर:
बे एरियातून. आमचं ढोल-ताशा पथक आहे. पथकात जवळजवळ सगळे सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे सरावाच्या वेळापत्रकात ऑनकॉल रोटेशन (सिस्टीम बिघडली तर धावायची पाळी) बघावं लागतं. पुण्यात असताना मी कधी ढोलाला हात लावला नव्हता, तो इथे येऊन कमरेला बांधला. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि पन्नास माणसांचा ठोका एका क्षणी पडला पाहिजे. ताशा हलला की सगळं हलतं. सराव पार्किंग लॉटमध्ये, रीतसर परवानगी काढून आणि ठरलेल्या वेळेत. एक अमेरिकन शेजारी पहिल्या वर्षी तक्रार करायला आले होते, आता झांज वाजवतात.

डोकं बंद होतं की चालू राहतं, मला सांगता येणार नाही. मुलाला मराठी बोलायला सांगितलं की तो कंटाळतो, पण पथकात ताईदादांशी आपणहून मराठीत बोलतो. माझ्यासाठी हा नाद त्यामुळे आता सोडण्यापलीकडे गेला आहे.

मिनीमेकर:
अवांतर. अर्धविराम, मोडी पत्रांवर तारखा कशा असतात? शक की इसवी? तुमचं वाचून उत्सुकता वाटली.

अर्धविराम:
इथे मजा आहे! पेशवाईतल्या पुष्कळ कागदांवर शुहूर सन, ही एक जुनी कालगणना, असतो आणि तो अरबी अंकशब्दांत, एककापासून वर चढत लिहिलेला. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. म्हणजे १७६०-६१. पानिपत यातच.

मिनीमेकर:
हे तर पार्सरला आमंत्रण आहे. शब्द तोडा, प्रत्येकाची किंमत घ्या, बेरीज करा. आज रात्री लिहितो. ५९९ की ६०० हे कशावरून ठरवायचं?

बोरू:
मी सांगतो. (बरीच वर्षं एम्बेडेडमध्ये, त्याहून जास्त वर्षं मोडीत.) शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात. कागद मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१, म्हणून ११६१ मध्ये ६००.

आता खरी मेख. वर्ष सौर, पण त्याच पत्रावरचा महिना आणि दिवस बहुधा हिजरी, म्हणजे चांद्र. "छ" लिहून पुढे चंद्राची तारीख, रजब, शाबान वगैरे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. त्यामुळे एकाच शुहूर वर्षात साधारण अकरा तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी. तुमच्या प्रोग्रामने अशा जागी दोन उत्तरं द्यायला हवीत. एकच देऊन मोकळा झाला तर तो चुकीचा आहे. कुठली खरी, ते वार दिला असेल तर वारावरून, नाहीतर मजकुरावरून ठरवायचं: पेरणीचा उल्लेख आहे का, अमुक सरदार तेव्हा कुठे होता, नदीला पूर आहे का.

नलपॉइंटर:
यापुढे टाइमझोनबद्दल एक शब्द तक्रार करणार नाही.

कोबोलकाका:
बोरू, वा! आम्ही १९९८-९९ मध्ये वाय-टू-केसाठी, म्हणजे २००० साल उजाडल्यावर गोंधळ होऊ नये म्हणून, प्रोग्राममधली दोन आकडी वर्षं शोधत रात्री काढल्या, त्यांची आठवण झाली. फरक एवढाच की त्या कारकुनाला त्याच्या वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे हे माहीत होतं. आपण तेही लिहून ठेवत नाही.

पहिलीनोकरी:
बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते. नोकरीला लागून वर्ष झालंय. तुम्ही सगळे अनुभवी आहात म्हणून कदाचित सोपं वाटत असेल. माझ्या बॅचमधल्या काहींना जॉइनिंगच मिळालं नाही, एकाला सहा महिन्यांत काढलं. एआयमुळे आमच्या लेव्हलची कामं राहतील का, हे कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी शनिवारी तासभर चित्र काढलं तरी आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत राहतं. तो तास शिकण्यात घालवायला हवा होता, असं. सर्टिफिकेटच्या मागे आम्ही हौसेने लागलेलो नाही.

अर्धविराम:
हे लिहिलंस ते फार बरं केलंस. माझ्या मूळ पोस्टमध्ये हा विचार नव्हता.

कोबोलकाका:
पहिलीनोकरी, तुझी भीती खरी आहे. ती खोटी आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. शिकणं सोडू नकोस, नोकरी टिकवणं हे मोठंच काम आहे. पण सगळे तास त्यालाच देऊ नकोस, आणि याचं कारण मी अनुभवावरून सांगतो. वाय-टू-केनंतर आमचं काम एकदम ओसरलं. चाळिशीत पुन्हा शून्यापासून जावा शिकायला बसलो. त्या दोन वर्षांत माझ्यापेक्षा हुशार लोक मी खचताना पाहिले, कारण कामाखेरीज त्यांच्याकडे आपलं असं काहीच नव्हतं. काम गेलं की सगळंच गेलं.

माझ्याकडे तेव्हा मधमाश्या होत्या, आजही आहेत. गावाकडे सातेरीच्या पेट्या. सातेरी अंधारात समांतर पोळी बांधते म्हणून पेटीत राहते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, ती पेटीत राहत नाही. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा साखरेचा पाक द्यायचा, मेणकिडा लागला का ते बघायचं, राणी अंडी घालतेय का ते बघायचं. पेटी उघडताना हात स्थिर लागतो. मनात ऑफिसचा राग घेऊन गेलं की घाई होते, आणि माश्या ते लगेच कळवतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून, तिथे रीतसर शिकता येतं. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. कधी जमलं तर बघून ये.

तू चित्र काढ. तासभरच काढ, पण तो तास उधार घेतलेला समजू नकोस, तो तुझाच आहे.

पहिलीनोकरी:
धन्यवाद काका. हे मी दोनदा वाचलं. जलरंग करते, मुख्यतः जुने वाडे आणि घाट.

सह्यकडा:
वाडे आणि घाट? मग गडावर ये. दरवाजे, बुरूज, देवड्या. टाकं साफ करायची सक्ती नाही, पण आमच्या गटाला काम चालू असतानाची चित्रं हवी आहेत. फोटो ढीगभर आहेत.

दुधावरची_साय:
आणि पक्षीही काढ. तांबटापासून सुरू कर, तो एका जागी बराच वेळ बसतो. फक्त आधी सापडायला हवा.

तीनताल_१६:
मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण मला त्याचं उत्तर थोडं बदलून द्यायचंय. तेच डोकं चालतं असं मी लिहिलं. पण काका आणि बोरू यांचं वाचल्यावर वाटतं, डोकं तेच असलं तरी गती वेगळी असते. कामात मला उत्तर लवकर हवं असतं. तबल्यात एक कायदा, म्हणजे विस्तार करायची ठरलेली बोलरचना, सहा महिने हातात घोळवायचा असतो, आणि गुरुजी पुढचा देत नाहीत याचा राग येत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसलो की एखादा बुजुर्ग कलाकार तोच साधा ठेका असा धरतो की आपण त्यात अजून काय काय ऐकलंच नव्हतं ते कळतं. तेवढ्यासाठी त्या आठवड्यातलं ऑनकॉल मी जानेवारीच्या कुणाशी तरी बदलून घेतो.

दोनशेकिमी:
गतीचा मुद्दा एकदम मान्य. चारशेच्या ब्रेव्हेत रात्री दोन वाजता तुम्ही फक्त पुढचा दिवा आणि पुढचा दगड बघता. तिथे कशाचीही घाई करून उपयोग नसतो.

मिनीमेकर:
बोरू, प्रोग्राम लिहिला. शब्दांवरून सन काढतो, मृगाच्या अलीकडे-पलीकडे बघून इसवी देतो आणि तारीख दोनदा येत असेल तर दोन्ही उत्तरं देतो. "सलास सबैन मया व अलफ" ला ११७३ आणि १७७२-७३ येतंय. पण शब्द मी देवनागरीत टाइप करतोय. थेट मोडीतच घ्यावेत म्हणतो. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात, आहेच, आवृत्ती ७ पासून.

बोरू:
११७३ बरोबर. आता मूळ कागदांवर हे शब्द कसे दिसतात ते बघा. प्रत्येक कारकून वेगळं लिहितो: सलास, सल्लास, कधी नुसता पहिल्या अक्षरांचा संक्षेप. छापील यादीवर विसंबलात तर निम्मे कागद हातचे जातील. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात एकदा बसून रुमालातले (कापडी बासनातले) कागद डोळ्यांनी पाहा, मग प्रोग्राम सुधारा. अक्षरओळख नसेल तर आधी ती करा. वाचता यायला साधारण चिकाटी पुरते. टाक-बोरूची गरज नाही, तिरप्या निबचं साधं पेन आणि रेघा नसलेली वही आणा.

मिनीमेकर:
म्हणजे मलाही मोडी शिकावी लागणार.

अर्धविराम:
शनिवारी सकाळी आमचा गट बसतो. तुम्हाला निरोप पाठवलाय, जागा आणि वेळ त्यात आहे. पहिल्या दिवशी फक्त क पासून ज्ञ पर्यंत, आणि रेघ ओढायचा सराव.

पहिलीनोकरी:
मलाही निरोप पाठवाल का? शिकायला नाही, निदान पहिल्या दिवशी तरी. ती जुनी पत्रं कशी दिसतात ते बघून काढायचंय.

अर्धविराम:
पाठवला. कागद-रंग घेऊन या, पण अस्सल कागदांपासून पाणी चार हात लांब!